संगणक निवडण्याआधी फुटेज पाहा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

व्हिडिओ एडिटिंगसाठी संगणक जुळवताना कोणते भाग घ्यावेत, यावर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. हा विषय मराठी वर्तमानपत्रात आला याचा मनापासून आनंद झाला. लेखात प्रोसेसरच्या पिढ्या होत्या, कोअरची संख्या होती, ग्राफिक्स कार्डांची उतरंड होती. पण संगणक घेणाऱ्याला सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न त्यात कुठेच नव्हता: तुमचा कॅमेरा फुटेज कोणत्या स्वरूपात देतो? या प्रश्नाचं उत्तर हातात नसताना केलेली भागांची यादी म्हणजे अंदाजपंचे कारभार आहे, आणि त्याचा फटका बसलेली माणसं मी सतत पाहते. म्हणून हे पत्र. जरा लांबलं आहे, पण शक्य असेल तर काटछाट न करता छापावं ही विनंती.

मी मुलाखती, व्याख्यानं आणि माहितीपटांचं एडिटिंग करते. टेपवरून फुटेज कॅप्चर करून घ्यायच्या काळापासून या कामात आहे आणि कामाच्या जोडीने शिकवतेही. त्यामुळे नवी मुलं-मुली कोटेशनचा कागद घेऊन येतात, 'मॅडम, एकदा नजर टाका' म्हणतात. दुर्दैवाने बऱ्याचदा कागद माझ्यापर्यंत येतो तो पैसे देऊन झाल्यावर.

असाच एक विद्यार्थी अलीकडे नवाकोरा संगणक घेऊन आला. ग्राफिक्स कार्ड दणकट, प्रोसेसर वरच्या फळीतला, रॅम भरपूर. खेळांच्या चाचण्यांमध्ये यंत्र उत्तम गुण मिळवत होतं. त्याने टाइमलाइनवर एकच क्लिप ठेवली आणि स्पेसबार दाबला. आवाज पुढे गेला, चित्र मागे राहिलं, मग थांबलं, मग चार पावलं उडी मारून पुढे आलं. मी टास्क मॅनेजर उघडायला सांगितलं. प्रोसेसर शंभर टक्क्यांना भिडलेला. ग्राफिक्स कार्डाच्या पानावर थ्रीडीचा आलेख जेमतेम हलत होता, आणि त्याच पानावर 'व्हिडिओ डिकोड' नावाचा जो आलेख असतो, तो तळाशी सपाट पडून होता. हा सपाट आलेख मी त्याला नीट बघायला लावला, कारण दुखणं तिथे होतं. मग तीच क्लिप माझ्याकडच्या दुसऱ्या, कितीतरी साध्या संगणकावर टाकली. तिथे 'व्हिडिओ डिकोड'चा आलेख झटकन वर गेला, प्रोसेसर निवांत राहिला आणि चित्र सुरळीत चाललं. मुलाचा चेहरा पडला. त्याला विकणाऱ्याने फसवलं होतं असं मी म्हणणार नाही. विकणाऱ्याने विचारलं नाही आणि घेणाऱ्याला सांगायचं असतं हे ठाऊक नव्हतं.

हे असं का होतं, ते थोडं खोलात सांगते, कारण इथेच सगळ्या निवडीची किल्ली आहे.

जुन्या डीव्ही टेपमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे दाबून साठवलेली असे. सेकंदाला २५ मेगाबिट एवढाच प्रवाह, आणि कुठल्याही फ्रेमवर गेलं की ती एकटी उलगडली जायची. यंत्रं हळू होती, तरी कापाकापी सुखाची होती. मग २००३ मध्ये तशाच टेपवर एचडी चित्र साठवणारं एचडीव्ही आलं, त्याच वर्षी व्हिडिओ दाबून साठवण्याचं एच.२६४ हे मानक ठरलं, आणि २०१३ मध्ये एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी. कमी जागेत मोठं चित्र मावावं म्हणून यांत पूर्ण फ्रेम अधूनमधून एकदाच साठवतात. मधल्या फ्रेमांमध्ये आधीच्या-नंतरच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच लिहिलेलं असतं. वहीत सोमवारी शिल्लक लिहिली आणि पुढे रोज फक्त जमा-खर्च मांडला, तर गुरुवारची शिल्लक काढायला सोमवारपासून बेरीज करावी लागते, तसं. नुसतं बघणाऱ्याला हे जाणवत नाही, कारण तो पुढे पुढेच जातो. म्हणूनच 'प्लेअरमध्ये तर छान चालतंय' हा पुरावा एडिटिंगच्या कामाचा नाही. एडिटर मागे येतो, मध्येच थांबतो, तीन कॅमेरे एकाच वेळी चालवतो, उलटं चालवून श्वास कुठे संपतो ते शोधतो. प्रत्येक वेळी यंत्राला जवळच्या पूर्ण फ्रेमपासून उलगडत यावं लागतं.

हे उलगडण्याचं काम प्रोसेसर सॉफ्टवेअरमधून करू शकतो, पण घाम गाळून. किंवा त्यासाठीच बनवलेला चिपवरचा छोटासा भाग, म्हणजे हार्डवेअर डिकोडर, ते सहज करतो. हा डिकोडर ग्राफिक्स कार्डात असतो आणि प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्समध्येही असतो. अडचण अशी की तो सगळंच ओळखतो असं नाही. त्याला ठरावीक प्रकार येतात, आणि जो येत नाही तो सरळ प्रोसेसरच्या डोक्यावर पडतो. कार्ड कितीही महाग असलं तरी.

आजचे बरेच मिररलेस कॅमेरे ४के फुटेज १०-बिट ४:२:२ मध्ये देतात. बिट म्हणजे रंगाच्या छटांची बारकाई: ८-बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १०-बिटमध्ये १,०२४. ४:२:२ म्हणजे रंगाची माहिती आडव्या दिशेने निम्मी ठेवलेली. ४:२:० मध्ये ती उभ्या दिशेनेही निम्मी होते. रंग दुरुस्तीसाठी ४:२:२ चांगलं, यात वाद नाही. पण एनव्हिडियाच्या जीफोर्स कार्डांमध्ये आरटीएक्स ४० मालिकेपर्यंत ४:२:२ उलगडणारा डिकोडर नव्हता. तो २०२५ मध्ये आलेल्या ५० मालिकेत आला. याउलट इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सला एचईव्हीसीचं १०-बिट ४:२:२ अकराव्या पिढीपासून येतं. इंटेलच्या या अंगभूत डिकोडरचं नाव क्विक सिंक, आणि तो मुळात २०११ पासून आहे. आता गंमत बघा: इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाअखेर 'एफ' असतं, त्यात अंगभूत ग्राफिक्स वापरता येत नाही, म्हणजे क्विक सिंकही नाही. 'वेगळं कार्ड घेताय ना, मग एफ घ्या, थोडा स्वस्त पडेल' हा सल्ला खेळणाऱ्याला योग्य आहे. एडिटिंग करणाऱ्याला तोच सल्ला वर्षानुवर्षं त्रास देऊ शकतो. एच.२६४ मधलं १०-बिट ४:२:२ तर आणखी अवघड. बहुतेक प्रोसेसर आणि कार्डं ते हार्डवेअरमधून उलगडत नाहीत, ५० मालिका मात्र उलगडते.

आपलं फुटेज यातलं कोणतं, हे ओळखणं सोपं आहे. मीडियाइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात क्लिप टाकायची आणि चार ओळी वाचायच्या: फॉरमॅट, बिट डेप्थ, क्रोमा सबसॅम्पलिंग आणि फ्रेम रेट मोड. शेवटची ओळ मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्यांसाठी खास महत्त्वाची. तिथे 'व्हेरिएबल' दिसलं तर समजावं की फ्रेमचा वेग कमी-जास्त होतो आहे, आणि लांब मुलाखतीत ओठ आणि आवाज यांची फारकत होऊ शकते. त्याला नवा संगणक हे औषध नाही. आधी ती फाइल स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्यायची, मग कापायला बसायचं.

आणि आणखी एक गोष्ट लेखात हवी होती. संगणक विकत घेण्याआधी प्रॉक्सी करून पाहा! मूळ फुटेजच्या हलक्या प्रती बनवायच्या, प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबी या प्रकारात, चित्राचा आकार निम्मा. यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, त्यामुळे साधं यंत्रही पळू लागतं. कापाकापी प्रॉक्सीवर, शेवटचा एक्सपोर्ट मूळ फुटेजवरून. प्रॉक्सी रात्री लावून ठेवल्या की सकाळी काम तयार. त्या विद्यार्थ्याचा संगणकही आम्ही असाच चालता केला. मुलाखती आणि व्याख्यानं कापणाऱ्या कितीतरी जणांना एवढ्यावर दोन-तीन वर्षं नवीन यंत्राची गरजच पडणार नाही. ज्यांना रोज येणारं फुटेज त्याच दिवशी कापून द्यायचं असतं, त्यांना मात्र प्रॉक्सीचा वेळ परवडत नाही. त्यांनी योग्य डिकोडरसाठी पैसे मोजावेत, आणि तिथे कंजुषी करू नये.

आता बाकीच्या भागांकडे येते. प्रोसेसरबद्दल फार लिहीत नाही. आठ ते सोळा चांगले, वेगवान कोअर बहुतेकांना पुरतात. त्यापुढे कोअर वाढवून टाइमलाइन त्या प्रमाणात सुटसुटीत होत नाही, कारण एडिटिंगची बरीच कामं एकेका कोअरच्या वेगावर अवलंबून असतात.

ग्राफिक्स कार्डाचं काम रंग दुरुस्ती, नॉइज रिडक्शन, ब्लर, चित्र लहान-मोठं करणं आणि इफेक्ट हे आहे. दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंग आणि रंग दुरुस्तीचं सॉफ्टवेअर त्यावर खूप भर देतं. तिथे कार्डाची स्वतःची मेमरी कमी पडली की 'जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स कार्डाची) मेमरी फुल' अशा अर्थाचा संदेश येतो आणि काम ठप्प होतं. एचडीसाठी ८ जीबी ठीक. ४केवर नॉइज रिडक्शन आणि रंग दुरुस्तीचे बरेच टप्पे (नोड) लावणार असाल तर १२ किंवा १६ जीबीच्या खाली जाऊ नये. पण सरळ कट, डिझॉल्व्ह आणि नावाच्या पट्ट्या एवढंच काम असेल तर मोठं कार्ड बराच वेळ रिकामं बसतं. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती वापरणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की त्यातलं नॉइज रिडक्शन फक्त विकतच्या स्टुडिओ आवृत्तीत मिळतं, आणि लिनक्सवर मोफत आवृत्ती एच.२६४ फुटेज उघडतच नाही. लिनक्सवर सगळं फुकटात जुळवायचं ठरवून बसलेल्यांची इथे घोर निराशा होते. जीफोर्स कार्ड घेतलं तर ड्रायव्हर 'स्टुडिओ' प्रकारचा टाकावा. तो मोफत असतो आणि एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर तपासलेला असतो.

रॅमबद्दल 'जितकी जास्त तितकी बरी' असं म्हणून लेख पुढे गेला. मला वाटतं, वाचकाला हिशेब द्यावा, म्हणजे तो स्वतः ठरवेल. ४केची एक फ्रेम ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे ८२,९४,४०० बिंदू. प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकतेचा अल्फा असे चार आकडे. १६-बिटमध्ये काम करताना प्रत्येक आकड्याला दोन बाइट, म्हणजे बिंदूमागे आठ. एक फ्रेम झाली सुमारे ६६ मेगाबाइट. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एका सेकंदाला सुमारे १.६६ जीबी, दहा सेकंदांना साडेसोळा जीबीच्या वर. मोशन ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर आफ्टर इफेक्ट्स अशा तयार फ्रेमा पूर्वी मुख्यतः रॅममध्ये धरून ठेवायचं, २०२५ पासून ते त्या ड्राइव्हवरूनही चालवू शकतं. म्हणजे १६ जीबी रॅममध्ये दहा सेकंदांचा पूर्ण आकाराचा प्रिव्ह्यू मावणार नाही, हे संगणक घेण्याआधी कागदावर कळतं. प्रिव्ह्यू निम्म्या आकारात पाहिला तर हीच गरज एक चतुर्थांश होते, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. मोशन ग्राफिक्स करणाऱ्यांनी ६४ जीबीला हात घालावा. नुसती कापाकापी करणाऱ्यांना ३२ जीबी पुरते.

रॅम घेताना दोन पट्ट्यांचा जोड घ्यावा. एकच पट्टी लावली तर मेमरीचे दोन मार्ग असूनही एकच वापरला जातो. चार पट्ट्या लावल्या तर डीडीआर५ मध्ये वेग बऱ्याचदा खाली आणावा लागतो. दोन पट्ट्या कोणत्या खाचांत लावायच्या ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. चार खाचा असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी. आणि बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो ही रॅमच्या वेगाची सोय चालू केल्याशिवाय रॅम खोक्यावर छापलेल्या वेगाने धावत नाही. असेंबल करून देणारे हे करून देतातच असं नाही. घरी आणल्यावर एकदा स्वतः पाहून घ्यावं.

साठवणुकीच्या बाबतीत जाहिरातींनी लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ केला आहे. कॅमेऱ्याचा प्रवाह मेगाबिटमध्ये सांगतात आणि एसएसडीचा वेग मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० मेगाबिटचं फुटेज सेकंदाला फक्त १२.५ मेगाबाइट मागतं, तासाला ४५ जीबी. तीन कॅमेरे एकदम चालवले तरी ३७.५. जुन्या सॅटा जोडणीची साधी एसएसडी सेकंदाला ५५० च्या आसपास देते, वेगवान एनव्हीएमई जोडणीची साडेतीन हजार, त्यापुढच्या पिढीतली सात हजार. तेव्हा अशा फुटेजसाठी साडेतीन आणि सात हजारांतला फरक टाइमलाइनवर कुणालाही दिसणार नाही. तेच पैसे क्षमतेत घालावेत. जो प्रोरेस ४२२ एचक्यूमध्ये काम करतो त्याचा हिशेब वेगळा: ४के, २५ फ्रेमला सेकंदाला ७३७ मेगाबिट, म्हणजे तासाला ३३२ जीबी. तिथेही आधी जागा संपते, वेग नंतर.

एसएसडी घेताना तिच्यातली साठवणुकीची चिप टीएलसी प्रकारची की क्यूएलसी हे जरूर पाहावं. स्वस्त क्यूएलसी ड्राइव्हमध्ये सुरुवातीचा भाग वेगवान कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, उतरतो. शूटवरून आल्यावर शे-दोनशे जीबी एकदम ओतायला घेतले की कॅश भरते आणि वेग जुन्या हार्डडिस्कच्या पातळीवर घसरतो. जाहिरातीतला आकडा कॅश भरण्याआधीचा असतो. शक्य असेल तर सॉफ्टवेअर एका ड्राइव्हवर, फुटेज दुसऱ्यावर, सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइली आणि प्रॉक्सी तिसऱ्यावर अशी विभागणी ठेवावी. मदरबोर्डवर खाचा तेवढ्या आहेत का, आणि एसएसडी बसवायची एखादी एम.२ खाच भरल्यावर सॅटाचे काही पोर्ट बंद पडतात का, हे पुस्तिकेत लिहिलेलं असतं. घेतल्यानंतर वाचायची ही पुस्तिका आधी वाचावी. उत्पादकांच्या संकेतस्थळावर ती कुणालाही मिळते.

कार्ड रीडरला तर यादीत कुणी जागाच देत नाही. रोजचा वेळ कुठे जातो ते पाहा: १२८ जीबीचं भरलेलं कार्ड यूएसबी २.० च्या रीडरने उतरवलं तर सेकंदाला ४० मेगाबाइटच्या आसपास वेग मिळतो, आणि पन्नास मिनिटांच्या वर लागतात. यूएचएस-२ या वेगवान प्रकारचं कार्ड आणि तसाच रीडर असेल तर हे काम दहा मिनिटांत आटोपतं. एवढ्या छोट्या वस्तूने रोज वाचणारा वेळ प्रोसेसरची पुढची पायरी घेऊन वाचत नाही.

बॅकअपशिवाय एडिटिंगचा संगणक पूर्ण होत नाही, असं मी विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगते. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. मिरर केलेल्या, म्हणजे आपोआप एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या, दोन हार्डडिस्क हा बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकाच क्षणी जाते. ज्यांच्या आवाजाची आणि चेहऱ्याची ती एकच नोंद आहे, अशी वयोवृद्ध माणसं मी चित्रित केलेली आहेत. त्यांची मुलाखत पुन्हा होणार नसते. म्हणून भागांची यादी करताना मी दोन मोठ्या हार्डडिस्क आधी लिहिते आणि उरलेल्या पैशांत संगणक बसवते. लोकांना हे उलटं वाटतं. मला ते तसंच योग्य वाटतं.

एसएमपीएसकडे, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागाकडे, सगळ्यात कमी लक्ष जातं आणि बिघाड झाला तर सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. '८० प्लस'ची पट्टी वीज किती कार्यक्षमतेने वापरली जाते ते सांगते. आतली सुरक्षा कशी आहे ते तीवरून कळत नाही. नामांकित मॉडेल, लांब वॉरंटी आणि एकूण गरजेपेक्षा मोकळी ताकद हे पाहावं, कारण आधुनिक कार्डं क्षणभरासाठी नेमून दिलेल्या वॅटपेक्षा बरीच जास्त वीज ओढतात. मोठ्या कार्डाला लागणारी सोळा पिनांची केबल शेवटपर्यंत आत बसली आहे ना, हे टॉर्च घेऊन पाहावं. अर्धवट बसलेली केबल तापून वितळू शकते. आणि एक कळकळीची सूचना: जुन्या एसएमपीएसच्या सुट्या केबली नव्याला लावू नका. टोकं सारखी दिसतात, खाचेत बसतातही, पण एसएमपीएसच्या बाजूची जोडणी कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिकही वेगळी असते. चुकीची केबल हार्डडिस्क जाळते, आणि हार्डडिस्कसोबत फुटेज जातं. यूपीएस घ्यायचा तर प्युअर साइन वेव्हचा घ्यावा. आजच्या एसएमपीएसना साध्या यूपीएसच्या ओबडधोबड लहरी नेहमीच मानवत नाहीत.

कॅबिनेट निवडताना समोरून हवा आत येते का एवढंच पाहावं. समोर बंद काच आणि आत रंगीत दिवे, अशा कॅबिनेटमध्ये तासभराचा एक्सपोर्ट लावला की प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो. त्याच खोलीत निवेदन रेकॉर्ड करणाऱ्यांनी मोठे, सावकाश फिरणारे पंखे घ्यावेत. पंख्याची घरघर ट्रॅकवरून काढता काढता निवेदकाच्या आवाजातला जीव निघून जातो.

मॉनिटरसाठी १४४ किंवा २४० हर्ट्झवर पैसे घालण्याचं कारण नाही. आयपीएस प्रकारचं पॅनेल, रेक. ७०९ या एचडी व्हिडिओच्या मानकाची रंगव्याप्ती पूर्ण, आणि कॅलिब्रेशनचं, म्हणजे मॉनिटरचे रंग मोजून बरोबर करण्याचं, उपकरण, स्वतःचं किंवा चार जणांनी मिळून घेतलेलं. कॅलिब्रेट न केलेल्या मॉनिटरवर जुळवलेला त्वचेचा रंग दुसऱ्या पडद्यावर पिवळट किंवा गुलाबी निघतो, आणि त्यात बिचाऱ्या मुलाखत देणाऱ्याचा काहीच दोष नसतो.

लॅपटॉप आणि मॅकबद्दल थोडक्यात. लॅपटॉपमधलं कार्ड नावाने डेस्कटॉपसारखंच असतं, पण त्याला मिळणारी वीज मॉडेलप्रमाणे बदलते, म्हणून वॅटचा आकडा विचारावा. अॅपलच्या चिपमध्ये प्रोरेससाठी वेगळं मीडिया इंजिन आहे, २०२१ च्या एम१ प्रो आणि मॅक्सपासून, आणि २०२२ पासून साध्या एम२ मध्येही. मात्र तिथे मेमरी नंतर वाढवता येत नाही. जी घ्यायची ती पहिल्याच दिवशी.

आता विक्रेत्यांना एक विनंती, आपल्या स्तंभातून. कोटेशनवर 'ग्राफिक्स कार्ड ८ जीबी', 'एसएमपीएस ६५० वॅट', 'एसएसडी १ टीबी' असं मोघम लिहू नका. कंपनी आणि पूर्ण मॉडेल क्रमांक लिहा. एका अक्षराने काय फरक पडतो ते 'एफ'च्या उदाहरणावरून वर सांगितलंच आहे. ग्राहकांनीही पूर्ण क्रमांक नसलेल्या कागदावर पैसे देऊ नयेत. स्वतःच्या कॅमेऱ्याच्या दोन-तीन मिनिटांच्या क्लिप पेन ड्राइव्हवर घेऊन जाव्यात, आधी संगणकाच्या ड्राइव्हवर उतरवाव्यात, मग टाइमलाइनवर एकावर एक तीन ठेवाव्यात, मागे-पुढे न्याव्यात. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम गळल्याची खूण दाखवणारा छोटा दिवा चालू करता येतो. सगळ्या फ्रेमा दिसल्या तर तो हिरवा असतो, गळल्या की पिवळा होतो. तो हिरवा राहिलेला पाहून मगच रक्कम द्यावी. चांगला विक्रेता याला हरकत घेत नाही, असा माझा अनुभव आहे.

शिकवणाऱ्या संस्थांनाही सांगणं आहे. मुलं संस्थेच्या यंत्रांवर शिकतात आणि शेवटी घरचे सगळे पैसे एका संगणकात ओततात. तेव्हा कटिंगच्या आधी एक तास कोडेक (फुटेज दाबण्या-उलगडण्याची पद्धत), बिट डेप्थ आणि प्रॉक्सी यांना द्या. हा तास अभ्यासक्रमात बसत नसेल तर मी माझ्या विद्यार्थ्यांसाठी केलेली टिपणं घ्या, ती कुणालाही देण्यात मला आनंदच आहे.

आणि आपल्याला विनंती एवढीच, की या विषयावर पुढे लेख येईल तेव्हा भागांच्या यादीशेजारी एक साधा तक्ता छापावा: कोणता प्रोसेसर आणि कोणतं कार्ड एच.२६४, एचईव्हीसी आणि त्यानंतरचं एव्ही१ यांतले कोणते प्रकार हार्डवेअरमधून उलगडतं, ८-बिट की १०-बिट, ४:२:० की ४:२:२. ही माहिती उत्पादकांच्या कागदपत्रांत असते, फक्त मराठीत एका ठिकाणी कुणी मांडलेली नाही. तक्ता करायला माणूस हवा असेल तर मी बसते.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक व्हिडिओ संकलक